दुसरा अर्ज

थोरली बहीण गेल्यापासून पुस्तकबांधणीचं दुकान मावशी एकटीच चालवत होती. आता हे आपल्याच्यानं निभायचं नाही, असं तिला रोज वाटे. तिला जरा सोबत मिळावी म्हणून भाचीनं बांधणीकारांच्या एका ऑनलाइन गटात तिचा अर्ज भरला. अर्जासोबत एक व्हिडिओ मागितला होता. त्यात फक्त अर्जदाराचे काम करणारे हात दिसायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "व्हिडिओत दोघींचे हात आहेत. दुसरीनंही अर्ज भरावा."

भाचीनं व्हिडिओ तीनदा पाहिला. "मावशी, दोनच हात आहेत गं. तुझेच."

मावशीनं दुकानाचं दार लावून, भरदुपारी नवा व्हिडिओ काढून पाठवला.

संध्याकाळी पुन्हा उत्तर आलं: "दुसरा अर्ज आत्ताच मिळाला. दोघींचंही स्वागत."

"कुणी भरला तो?" भाचीचा आवाज चिरकला.

कित्येक महिन्यांनी मावशीचे खांदे सैल पडले होते. डोळे पुसून तिनं सुईत दोरा ओवला, पहिला टाका घातला आणि दोऱ्याचं दुसरं टोक समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवलं.

"ताई, धर गं," ती म्हणाली.

दोरा ताठ झाला.