एमॉस थ्रेलची पाटी

आमच्या गावाने इंग्लंडला एक महान गोलंदाज दिला. इंग्लंडने त्याला खेळवलं नाही, म्हणून आम्ही पबला त्याचं नाव दिलं: 'एमॉस थ्रेल'.

दारावरच्या रंगवलेल्या पाटीत एमॉस चेंडू घेऊन धावत येतो. आजोबांच्या काळातल्या पाटीच्या फोटोत तो लांब, ठिपक्याएवढा दिसतो. वडिलांच्या काळातल्या फोटोत निम्म्या वाटेवर. या उन्हाळ्यात त्याच्या चेहऱ्यानेच पाटी भरली.

"हेस्टर, उतरव ती. गिऱ्हाइकं दारातून परत जातायत," मी मालकिणीला म्हणालो.

"नवरा पळाला तेव्हा पब बंद केला नाही मी. हा तर येतोय!" शिडीवर चढून तिने त्याला पुन्हा लांब, बारीकसा रंगवला.

सकाळी पाटीवरचं मैदान रिकामं होतं. पायरीवर खिळ्यांच्या बुटांचे ओल्या पांढऱ्या रंगाचे ठसे होते, फक्त आत जाणारे.

हेस्टरने फरशी पुसली आणि अकरा वाजता पब उघडला.