हालचालीवरचे दिवे

नवी पेठेतल्या जुन्या ऑफिसात वीज वाचवणारे नवे दिवे बसले. माणूस हलला की लागायचे, हलायचा थांबला की विझायचे. त्या दिवशी बाकी सगळे घरूनच काम करत होते, ऑफिसात एकटा प्रदीप. दिवेलागणीला त्याच्या छातीत कळ आली अन् तो खुर्चीतून खाली कोसळला. बोटसुद्धा हलेना. डोक्यावरचा दिवा गुपचूप विझला. खाली वॉचमन हणमंतमामा शटर ओढत होते. अंधार बघून ते कुलूप लावणार, हे त्याला पडल्या पडल्या कळत होतं.

तेवढ्यात दिवा लागला.

मामा धापा टाकत वर आले, त्याला पडलेला बघून त्यांनी लगेच फोन लावला. "घाबरू नका सायेब, दवाखान्याची गाडी बोलावलीय. बरं झालं, मॅडम खिडकीत हुब्या राहून हात हलवत व्हत्या, दिवा इझूच देत न्हवत्या. कुटं गेल्या त्या?"