टिक आधीच लावलेली

कंपनीने बनवलेल्या मेल-अ‍ॅपमध्ये पासवर्डखाली ‘लॉगिन कायम ठेवा’ अशी चौकट असायची, आणि टिक आधीच लावलेली. ती काढा, म्हणून अ‍ॅप तपासणारी टेस्टर वर्षभर साहेबांशी भांडत होती. शुक्रवारी मीटिंगमध्ये तिने एका बाईची तक्रारच वाचून दाखवली. घरच्या कॉम्प्युटरवर बाईचं खातं उघडं राहिलं, वकिलाला लिहिलेलं सगळं नवऱ्याने वाचलं आणि तिला घराबाहेर काढलं. “टिक काढायला हात मोडले होते का तिचे?” साहेब खेकसले आणि जेवायला गेले. मीटिंगरूमच्या पडद्यावर त्यांचं खातं तसंच उघडं होतं. टेस्टरने त्यातूनच टिक काढण्याचा बदल मंजूर करून टाकला. सोमवारी चौकट सगळ्यांना रिकामी दिसली. “माझ्या खात्यात कोण घुसलं?” साहेब कडाडले. ऑफिसभर माना वळल्या. टेस्टरने लिहून ठेवलेला राजीनामा पुढे सरकवला. “मी. लॉगआउट करायला हात मोडले होते का तुमचे, साहेब?”