खुर्चीची पाठ

बेलीफ कारखान्याच्या उंबऱ्यात उभा होता, आणि सुतार त्याला जप्तीचा हुकूम दुसऱ्यांदा वाचायला लावत होता; जणू या वाचनात तरी धाकट्या भावाचे नाव त्यातून गळून पडेल.

"निकाल परमुलखातला," सुतार म्हणाला. "इथल्या न्यायाधीशानं मला विचारलंसुद्धा नाही, की खुर्ची कुणाची."

"विचारणारही नव्हते," वकीलबाई म्हणाल्या. "तिथला निकाल इथे मान्य झाला, म्हणजे तो इथलाच झाला. पैसे वसूल होणार. खरं कोण, खोटं कोण, ते पुन्हा उकरता येत नाही."

"पण मान्य झालाच कसा?"

"तुमच्या कृपेनं! समन्स आलं तेव्हा हात जोडून सांगितलं होतं, गप्प बसा. तुम्ही इथले, धंदा इथला. त्या कोर्टाचा तुमच्यावर काडीचा अधिकार नव्हता. तुम्ही मात्र मला न विचारता भलंमोठं उत्तर धाडलंत. उत्तर दिलंत, तिथंच त्यांचा अधिकार कबूल केलात."

सुताराने मान फिरवली. पैशांची मागणी त्याने थंडपणे वाचली होती. पण त्याच दाव्यात एक वाक्य होते: खुर्चीची पाठ माझी कल्पना आहे, आणि वडिलांना ते ठाऊक होते. त्या वाक्याने त्याच्या झोपेवर रंधा फिरवला होता. धाकटा समुद्रापार गेला तो वडिलांच्या डोळ्यांतले कौतुक सामानात बांधून. थोरल्याच्या वाट्याला उरला तो भुसा.

शेजारी उभ्या बायकोचा फोन वाजला. स्पीकर चालू करून तिने तो कामाच्या बाकावर ठेवला.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "दादाला सांगा, पैसे नकोत मला. कारखाना त्याचाच राहू दे. एवढंच लिहून दे म्हणावं, की पाठ माझी."

"अहो, द्या ना लिहून," बायको म्हणाली. "एका ओळीनं काय हात झडणार आहे तुमचा? मला सवत असती तर मीसुद्धा तिच्यावर इतकी जळले नसते."

बेलीफने हसू दाबले आणि दाराला सील करायची लाख पुन्हा खिशात टाकली.

सुतार कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी गेला. ती पहिली, कधीच न विकलेली. तिच्या पाठीवरून त्याने अंगठा फिरवला. डावीकडे लाकूड किंचित खोल उतरत होते. पुढच्या प्रत्येक खुर्चीत त्याने तो खळगा इमानाने कोरला होता.

"विचार त्याला," तो बायकोला म्हणाला, "डावीकडे खोल का? आधी ते सांग म्हणावं."

पलीकडून क्षणाचाही विलंब झाला नाही. "आप्पांच्या डाव्या खांद्याचं हाड वर आलं होतं ना? टेकले की रुतायचं त्यांना."

वकीलबाईंनी खाली पाहिले. सुताराचा अंगठा खळग्यातच थबकला होता.

"हे काय, कुणीही सांगेल," तो म्हणाला, आणि त्याने कारखान्याची किल्ली बेलीफच्या तळहातावर ठेवली.

"मामंजींच्या घरात माझी हयात गेली," बायको हळूच म्हणाली. "मला नव्हतं माहीत. तुम्हाला होतं?"