तीन आटे

काठी महालक्ष्मीच्या मांडीवर होती, आणि सौंदर्याला त्या काठीखेरीज बसमधलं दुसरं काही दिसत नव्हतं.

पितळी गोळ्याची ती काठी दोन वर्षं सौंदर्याची होती. शाळेच्या बँडपुढे ताठ मानेनं चालायचं, इशारे द्यायचे आणि शेवटी काठी उंच उडवून अलगद झेलायची. जूनमध्ये तिरुनीलक्कुडीहून ही महालक्ष्मी अकरावीत आली. तिनं काठी हातभर जास्त उंच उडवली, आणि सतीशकुमार सरांनी त्याच दिवशी ती तिला देऊन टाकली. बारावीतली सौंदर्या गेली शेवटच्या रांगेत, ड्रम वाजवायला.

बसनं सुंदरपेरुमाळ कोयिल मागे टाकलं. स्पर्धा तिरुचिरापल्लीला होती. पुढच्या बाकावर महालक्ष्मी कुणाच्या तरी गणवेशाचं बटण लावत होती. वडील शिंपी, त्यामुळे शिवणाचा डबा सदा बरोबर. पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. सौंदर्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेजारी तिचा चुलतभाऊ साईकुमार बसला होता. बँडमध्ये मोठा ढोल त्याचा. दोघं आपापसात घरच्या मराठीत बोलायची. कुंभकोणममधली मराठी घरं आई बोटांवर मोजायची. त्यात वकील होते, डॉक्टर होते, दोन बँकवाले होते. पण बँडमध्ये यायला पोरं निघाली ती ही दोनच. त्यामुळे हळू बोलायचीही गरज नसे.

"घाईंत डबा घरींच राहिला, साई," सौंदर्या म्हणाली. मग जरा थांबून, "आणि आणखी एक. काल गोळ्याखालचा स्क्रू सैल केलें मी. तीन आटे. उंच उडिवली की गोळा एकीकडं, काठी एकीकडं."

साईकुमारचा चेहरा पडला. "येडी काय तू? अस्के हरतील, अख्खा बँड! सरांस सांग."

"सांगाचं नोको. तूही सांगूं नोको."

"पण कशास ग?"

"अप्पा येतात. सिंगापूरहून सकाळचं विमान, तिथून नीट मैदानांत. तीन वर्षांनीं येतात, साई. काठी माझ्याकडंच अहे म्हणून सांगितलें मी त्यांस. शेवटच्या रांगेत कसं उभं राहूं त्यांच्यापुढं?"

पुढच्या बाकावर महालक्ष्मीनं पटकन बोट तोंडात घातलं. सुई टोचली असावी. सौंदर्याला तेवढंच बरं वाटलं.

तंजावरला बस कॉफीसाठी थांबली. सगळे उतरले, महालक्ष्मी तेवढी सामानाजवळ राहिली. खिडकीतून तिची वाकलेली मान दिसत होती. शिवत असेल काहीतरी, सौंदर्या मनात म्हणाली. सरांना खूश करायला ही बसची सीटसुद्धा शिवून देईल.

बस सुटताना महालक्ष्मी केळीच्या पानातली पुडी घेऊन मागे आली. "अक्का, अम्मानं पुळीसादमच्या दोन पुड्या दिल्यात," ती तमिळमध्ये म्हणाली. "मला एकटीला संपणार नाहीत."

अक्का! हा शब्द तमिळमध्येही तोच आणि घरच्या मराठीतही तोच, पण हिच्या तोंडून आला की सौंदर्याला खपत नसे. भूक मात्र लागली होती. तिनं तो चिंचेचा भात खाल्ला. तो चविष्ट निघाला, म्हणून तिला आणखीच राग आला.

मैदानापाशी उतरताना महालक्ष्मीचा पाय मुरगळला. ती पायरीवरच घोटा धरून बसली. "सर, मला चालता येणार नाही."

सतीशकुमार सरांनी कपाळ पुसलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळे इशारे येणारी दुसरी एकच मुलगी होती.

"सौंदर्या, काठी तू घे."

सौंदर्याच्या मनात हर्ष मावेना. चार महिने ती याच शब्दांची वाट पाहत होती. तिनं काठी हातात घेतली, पितळी गोळ्यात स्वतःचा चेहरा पाहिला, आणि मग तिला ते तीन आटे आठवले.

ढोलामागून साईकुमार डोळे फाडून तिच्याकडे बघत होता.

ती पाठ करून उभी राहिली आणि नखानं स्क्रू पिळू लागली. नख तुटलं, स्क्रू जागचा हलला नाही. सरांना सांगावं, तर काय सांगणार? काठी उडवलीच नाही, तर गुण जाणार. उडवली, तर सगळ्या मैदानासमोर गोळा खाली येणार. आणि तिथे, प्रेक्षकांमध्ये तिसऱ्या पायरीवर, पायाशी बॅग ठेवून अप्पा उभे होते. केस बरेच पिकले होते. त्यांनी फोन वर धरला होता आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ते बोटानं दाखवत होते, ती पुढची, ती माझी मुलगी.

सौंदर्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं. आपल्याइतकी नीच आपणच, असं तिला वाटलं.

ध्वनिक्षेपकावर शाळेचं नाव पुकारलं गेलं. बँड रांगेत उभा राहिला. तेवढ्यात पांढरे हातमोजे घेऊन महालक्ष्मी मैदान ओलांडून तिच्याकडे आली. ती लंगडत नव्हती.

तिनं एकेक बोट सारखं करत सौंदर्याच्या हातांत मोजे चढवले. मग मोज्याचं बटण लावता लावता, मान वर न करता म्हणाली,

"भिऊं नोको, अक्का. तीनी आटे घट केले मी. उंच उडीव. अप्पा पाहतात नव्हे?"