फाटका स्पीकर

नायगावच्या चाळीतली खोली रिकामी करायला चारच दिवस उरले होते, आणि दत्ताराममामा माळ्यावरून काढलेला आपला जुना बेंजो मांडीवर घेऊन बसले होते. त्यांची भाची अपेक्षा खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता मोबाइलवर गाणं ऐकत होती. त्यातली गिटार घसा बसल्यासारखी वाजत होती.

“मोबाइल बिघडला काय गं?”

“नाही रे मामा. हे रॉक अँड रोल, अगदी सुरुवातीचं. म्हणे रेकॉर्डिंगला जाताना या बँडवाल्यांचा गिटारचा स्पीकर गाडीवरून पडला आणि आतला पडदा फाटला. त्यांनी आत वर्तमानपत्रं कोंबली आणि तसंच वाजवलं. लोक खुळे झाले. मग जगभरचे गिटारवाले मुद्दाम असाच आवाज काढायला लागले.”

मामांनी बेंजोवरची धूळ हाताने पुसली.

“आमच्या बेंजो पार्टीचा पण पडलेला,” ते हळूच म्हणाले. “गणपतीच्या मिरवणुकीत, भोईवाड्याच्या वळणावर, टेम्पोतून. मी पण आत अख्खा पेपर कोंबला. बेंजो असा काय घोगरा गायला लागला! गॅलरीतल्या म्हाताऱ्या खाली उतरून नाचल्या. तासभर गणपती जागचा हलला नाही.”

त्यांचे डोळे मिटले होते. तारा गंजून तुटलेल्या बेंजोवर बोटं चालू लागली होती.

अपेक्षाने चिकटपट्टी खाली ठेवली. “मग?”

“मग काय? दुसऱ्या दिवशी मंडळाची माफी मागितली आणि स्पीकर दुरुस्त करून आणला.”