गमबुटांचा माग

चौथ्या शेडमधल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा डॉक्टर घोरपड्यांनी विष्ठेचा नमुना यंत्रात घातला. जंतू कुठून आला आणि कुठे गेला, हे ते यंत्र दोन मिनिटांत सांगत असे. गावच्या दवाखान्यातले नमुनेही त्याला जोडलेले होते. शेडची देखभाल करणारी हसीना शेजारीच उभी होती.

पडद्यावर आधी उंदीर उमटले, मग खाद्य, मग दोन महिने जंतू अंगात बाळगून असलेल्या कोंबड्या, मग हसीनाचे गमबूट. रेघ तिथे थांबली नाही. ती हसीनाच्या घरात शिरली आणि महिन्यापूर्वी जुलाबांनी दगावलेल्या तिच्या नातीच्या नावापाशी संपली.

लेक बाळंत होऊन दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी आली, त्या दिवशी हसीना गमबूट न बदलता, हात न धुता तशीच धावली होती. दारातच तिने बाळ उचलून घेतलं होतं.

"भाभी, शेवटची रेघ मी पुसतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "कुणाला कळायचं नाही."

"पुसू नका. फक्त आधी मला घरी जाऊन लेकीला सांगू द्या."

लेक घरात गहू निवडत होती. "अम्मी, आज लवकर आलीस?" तिने विचारलं.

हसीना उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.